दोघींच्या पंगतीला एकटी

ये वो शकू, नागपुरात असलीस तरी अशी जवळ बस. पाय लांब कर हवे तर. गुडघ्याचं गाऱ्हाणं मी नंतर ऐकते, आधी माझं ऐक. चांद्याला जाऊन कोरियाचं जेवण जेवायचं, हे खूळ कोणाचं होतं? तुझं. दिवस कोणी ठरवला? तू. आणि पोचली कोण? मी. आपल्या वयात कोणी कोणाला असं तोंडघशी पाडतं का, तूच सांग. बरं, झालं माझं रागावून. आता पूर्ण ऐकल्याशिवाय उठू नको.

बाकीच्या वाचणाऱ्यांनाही सांगते, म्हणजे तुम्हाला परकं वाटायला नको. चांदा म्हणजे तुमचं चंद्रपूर. शकू ही माझी लहानपणापासूनची मैत्रीण. कुरखेड्याजवळच्या एकाच गावात आम्ही वाढलो, तिथंच नांदलो आणि एकाच तळ्याच्या पाळीवर बसून मासोळ्या विकल्या. धानाच्या रोवणीत माझ्या उजव्या हाताला कायम तीच. तिचे मालक गेले तसा मुलगा तिला नागपूरला घेऊन गेला. मग गेल्या साली माझा बुढा, म्हणजे माझा नवरा, गेला. तेव्हाही तिला येणं जमलं नाही. मी काही बोलले नाही, पण दारात प्रत्येक वेळी गाडी थांबली की मी उठून पाहत होते, हे तिला आज पहिल्यांदा कळेल.

बुढा गेल्यापासून मी ताट मांडलेलं नाही. सकाळी भात टाकते, तोच दुपारी, तोच रात्री. भांड्यातूनच खाते, चुलीपाशी उभी राहून. एकटीसाठी पाट कशाला, वाटी कशाला, आणि ते घासायचं कोणी? मुलगी छत्तीसगडात दिलेली. तिचा फोन आला की "जेवली" म्हणून सांगते, आणि ते खोटंही नसतं. तर शकू, कोरिया तुझा होता. मला फक्त समोर बसून जेवणारी पाहिजे होती. एवढ्याचसाठी मी घराला कुलूप लावलं.

तुझ्या सुनेच्या मोबाईलवर तू त्या मालिका पाहतेस, हिंदीत बोलणाऱ्या कोरियाच्या. फोनवर तू म्हणाली होतीस, "त्या बाया काळ्या भांड्यातला उकळता रस्सा पेतात, अन् मंग रडतात. मले तो रस्सा एकदा पाहाचा आहे." मग तुलाच कुठून तरी कळलं की चांद्यात एका कोरियाच्या बाईनं जेवणाचं दुकान टाकलं आहे, आणि नवतप्याच्या, म्हणजे मे-अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत ती इन्सामचं जेवण देते. इन्साम म्हणजे त्यांच्याकडची ताकदीची मुळी. शहरातले लोक तिला जिनसेंग म्हणतात. तू नागपुरातून यायचं, मी वडशावरून, मधे चांद्यात भेटायचं. इतकं सोपं होतं ते.

वडसा ते चांदा

रेल्वे वडशावरून धरली. सोबत एक पिशवी होती, तिच्यात लुगडं, पाण्याची बाटली, आणि तुझ्यासाठी टेंभरं. नागपुरात टेंभरं कोण देतं तुला? तेंदूपानं तोडायला जाणाऱ्या बायांना सांगून त्याच झाडांची ही फळं चांगली पिकलेली, पिवळी धम्मक आणवली होती. चारोळीची चारंही होती पुडीभर.

खिडकीतून आपलाच मुलूख दिसत होता. धानाच्या बांध्या भेगाळलेल्या, धुऱ्यावर एखादी शेळी, तळी तळाला गेलेली. नागभीड गेल्यावर जंगल लागलं, तेही उन्हानं असं गप्प झालेलं की पाखरू उडताना दिसेना. सिंदेवाहीला एक बाई चढली, डोक्यावरचा गठ्ठा तिनं सरळ माझ्या पिशवीवर ठेवला. मी ओरडेपर्यंत खालची टेंभरं चिपली होती. लुगड्याला चिकट पाणी लागलं ते लागलंच. ती बाई बिचारी आपल्या पदरानं पुसत बसली.

"कोन गावच्या वो बाई?" तिनं विचारलं.

सांगितलं.

"अन् एकट्याच निघाल्या?"

"चांद्याले मैत्रीण येऊन राह्यली," मी म्हटलं. कसं मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं मी. ती म्हणाली, "भाग्याच्या आहा. माह्या मैत्रिनी त आता फोटोतच राह्यल्या." मग तिनं आपल्या डब्यातली आंबील मला दिली, झाकणात ओतून, वर कांदा. आंबील गार होती. तिच्या गावची थोडी जास्त आंबट असते.

चांदा फोर्टला उतरले तेव्हा ऊन असं होतं की फलाटावरचं कुत्रंही सावलीसाठी माणसाच्या पायाशी येऊन उभं राही.

झरपटच्या काठी

महाकालीच्या देवळाजवळ एका लॉजवर खोली मागितली. तिथल्या माणसानं चष्म्यावरून पाहिलं.

"आजी, एकट्याच?"

"आज एकटी. उद्या दोघी."

त्याला ते पटलं नसावं. त्यानं माझं आधार कार्ड उलटसुलट पाहिलं, मुलीचा फोन नंबर घेतला आणि मग मोरीजवळची खोली दिली. म्हातारी बाई एकटी खोली मागते म्हणजे घरातून भांडून आली, असंच लोक धरून चालतात.

संध्याकाळी उन्हाचा जोर ओसरला तशी देवळात जाऊन आले. पुजाऱ्यानं कुंकू आणि अक्षता कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. मग झरपटच्या काठी बसले. नदी म्हणजे आता नुसती ओल आहे, पण बसायला दगड आहेत. तिथूनच तुला फोन केला, आठवतं? तू म्हणालीस, "सकायच्या गाडीनं निघतो." मी म्हटलं, "आवतन देऊन राह्यली तुले. लपू नको." तू हसलीस.

हसण्यासारखंच होतं ते, कारण ते बुढ्याचं बोलणं होतं. वाचणाऱ्यांना सांगायला पाहिजे. आमच्याकडे जेवायला या म्हणून बोलावणं देतात त्याला आवतन म्हणतात. पण माझा बुढा माणसांना कमी आणि मुळ्यांना जास्त आवतन द्यायचा. त्याला जंगलातल्या थोड्या औषधी मुळ्या माहीत होत्या, सांधेदुखीच्या, बाळंतिणीच्या. मुळी आणायची असली की आदल्या संध्याकाळी त्या झाडापाशी जायचं, हळदीचे तांदूळ ठेवायचे आणि सांगायचं, "उद्या सकायी तुले न्याले येतो. लपू नको." तिला आवतन न देता खणलं तर ती जमिनीत खाली सरकते, असं तो म्हणायचा. आणि काढा झाला की मुळी फेकायची नाही, एखाद्या झाडाच्या बुडाशी मातीत परत ठेवायची. पाहुणी होती, पोचवून यायची. मी त्याला खूप चिडवायची, "बायकोले कधी असं विचारलं काय?" तर म्हणायचा, "तू कुठी लपतेस?"

काठावर बसून हे सगळं आठवत राहिलं. बाजूला एक नवराबायको भेळ खात भांडत होते. त्यांच्याकडे पाहत मी किती वेळ बसले, कुणास ठाऊक.

जटपुऱ्याच्या आत

दुसऱ्या दिवशी दुपारी जटपुरा गेटच्या सावलीत उभी होते. तिथंच भेटायचं ठरलं होतं आपलं. ऑटोवाले एकेक करून विचारून गेले. मग तुझा फोन आला.

सुनेला अचानक माहेरी जावं लागलं, नातवाला पाहायला घरी कोणी नाही, आणि मुलगा म्हणतो या उन्हात आई तू निघालीस तर माझ्या जिवाला घोर. सगळं खरं होतं, शकू, मला माहीत आहे. तू म्हणालीस, "पुढच्या वेळी नक्की." मी म्हटलं, "हो, हो, पोराले सांभाळ." फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले. त्या वेळी मी तुला जे काही म्हटलं, ते फोन बंद झाल्यावर म्हटलं, म्हणून ऐकू आलं नाही. आता सांगत नाही. तेवढं तरी माझ्याजवळ राहू दे.

परतीची गाडी उद्याची होती. खोलीवर जाऊन कोरडा चिवडा खायचा की काय, असा विचार केला. पण पाय आपोआप दुकान विचारत विचारत गेले.

गल्लीत एका जुन्या घराच्या पुढच्या खोलीत ते दुकान. चार टेबलं, खिडकीला वाळ्याची टट्टी, कूलर घरघरत होता. आत एकही माणूस नव्हता. नवतप्यात भर दुपारी चांद्यात कोण बाहेर पडतो? आतून मालकीण आली. गोरी, ठेंगणी, आपल्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल, केस कापलेले, कमरेला फडकं. मी मनात हिंदीची जुळवाजुळव करत होते. ती म्हणाली,

"बसा ना बाई, काऊन उभ्या राह्यल्या?"

शकू, मी मागं वळून पाहिलं, दुसरं कोणी बोललं का म्हणून. तिला हसू आलं. सगळ्यांचं असंच होत असेल. तिचं नाव मीसुक. नवरा चांद्याचाच, तिकडे जहाजांच्या कारखान्यात होता, तिथं लग्न झालं. सासू आजारी पडली म्हणून दोघं इथं आली. मराठी सासूनं शिकवली, म्हणून ती थेट सासूसारखी बोलते. सासू आता नाही. नवरा कामाला ओडिशात, महिन्याअखेरीस येतो.

"किती जण?" तिनं विचारलं.

"दोघी. म्हणजे एकटीच."

"दोघी का एकटी, एक काय ते सांगा बाप्पा."

"एकटी. इन्सामचं जेवण पाहिजे."

ती ओशाळली. "ते एकटीले नाई भेटत. दोघांलेच मांडतो. एकटीले नूडल आहे, भात-अंडं आहे."

"काऊन वो?"

"लय वाट्या मांडा लागतात. एवढ्या वाट्या अन् खानारं एकच मानूस, ते चांगलं नाई दिसत. आमच्या तिकडं मेलेल्या मानसाले मांडतात तसं दिसते." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "चुकलं काय माह्यं?"

तिचं चुकलं नव्हतं. मला बुढ्याच्या तेरवीचं पान आठवलं. सगळे पदार्थ वाढलेले, कावळ्याची वाट पाहत, आणि भोवती आम्ही उभे. म्हणजे मी घरी ताट मांडत नव्हते ते आळसानं नव्हे. मांडलं असतं तर ते तसंच दिसलं असतं.

मी उठले. "असू दे," म्हटलं, "येतो मंग." दारापर्यंत गेले. बाहेर गल्ली पांढरीफटक, एक मांजर नाही. आणि मला एकदम त्या भातासारखं वाटलं, जो मी सकाळी टाकते आणि रात्री खाते. तशी वळले.

"मंग तू बस ना समोर."

"मी?" ती म्हणाली. "मी मालकीन आहो. गिऱ्हाइकासंगं कशी बसू? सासू वरून शिव्या देईन."

"गिऱ्हाईक कोन आहे? मी तुले आवतन देऊन राह्यली."

पिशवीतून देवळातली पुडी काढली आणि दोन अक्षता तिच्या हातावर ठेवल्या. कुंकवानं लाल झालेल्या. तिनं मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग दारावरची पाटी उलटी केली आणि म्हणाली, "शिजाले येळ लागते. बसान ना?"

"मले कुठी जाचं आहे?"

काळ्या भांड्यातला रस्सा

आता जेवण सांगते, म्हणजे तुझ्या पोटात दुखेल.

आधी छोट्या छोट्या वाट्या आल्या. कोबीचं लाल लोणचं, मुळ्याच्या फाशांसारख्या फोडी, मोडाची भाजी, पालकासारखी एक भाजी तिळाचं तेल लावलेली, वाळवलेली बारीक मासोळी परतून गोड केलेली. ती मासोळी मी ओळखली. आपले झिंगे असेच लागतात, साखर न घालता. इन्सामची भजी मधात बुडवून खायची. आणि मग दोन काळी भांडी, चुलीवरून उतरली तरी उकळणं थांबेना. त्यात एकेक अख्खी लहान कोंबडी, पोटात चिकट तांदूळ, लसूण, वाळलेली लाल बोरं, आणि ती मुळी. रस्सा पांढरा, तिखट नाही, मीठही नाही. मीठ आपण टाकायचं. चिमटीत चिमटीत मीठ टाकून मी चाखत बसले, ती हसत बसली.

"एवढ्या उन्हात एवढं गरम?" मी विचारलं.

"आमच्याकडं उन्हायाचे तीन दिवस असते, लय गरमीचे. तेव्हाच खातात. गरमीले गरमीनं मारतात. इथी नवतपा पाहून सासूले म्हटलं, हे त आमचेच दिवस. सासू म्हने, पागल झाली काय." मग चमचा खाली ठेवून म्हणाली, "पन प्याली मंग. दोन भांडे प्याली."

कोंबडी तिनं कात्रीनं कापून दिली. हो, जेवणात कात्री. कापड फाडावं तशी. मी चमच्यानं मुळी बाहेर काढली, कागदी रुमालात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

मीसुकचा चमचा हवेतच राहिला. "बाई, हे काय केलं?"

"मुळी काढली. काढा झाला ना."

"सगळ्या जेवनात खाचं तेच होतं."

आता सांग, मला काय माहीत? आपल्याकडे उकळलेली मुळी कोण खातं? तिला पोचवायची असते. मी सांगितलं, सगळं सांगितलं. आदल्या संध्याकाळचे तांदूळ, "लपू नको" म्हणणं, झाडाच्या बुडाशी परत ठेवणं. बुढ्याचंही सांगितलं. ती ऐकत होती आणि रस्सा निवत होता.

"अन् तांदूळ मले दिले," ती म्हणाली. "मले मुळी समजल्या काय?"

"लपून बसली होती ना तूही."

ती हसली नाही. रस्सा ढवळत म्हणाली की तिच्या आईचे वडील डोंगरात मुळी काढायला जात. जाण्याआधी घरात मांस-मासळी बंद. डोंगरात पोचलं की आधी भात ठेवायचा, वाकून नमस्कार करायचा, मग शोधायचं. मुळी माणसासारखी असते, हात-पायवाली. तिला हळूच काढायचं, एक केसही तुटू द्यायचा नाही. मीसुक लहान असताना विचारायची, भात कोणासाठी ठेवता? आजोबा म्हणत, डोंगराला एकटं जेवायला आवडत नाही.

"मी उभ्यानंच जेवतो," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात. सासू गेली तेव्हापासून."

"भांड्यातून?"

"भांड्यातूनच."

मग आम्ही दोघींनी कोंबडीची हाडं चोखली. मी रुमालातली मुळी काढून खाल्ली. आधी कडू, मग जिभेवर मातीचा वास, मग कुठून तरी गोड. घामाच्या धारा लागल्या. कूलरच्या वाऱ्यात घाम गार झाला आणि खरंच गरमी कमी झाली. तुझ्या मालिकेतल्या बाया रस्सा पिऊन काऊन रडतात, ते मला कळलं. नाक वाहतं, डोळे वाहतात, कोणी विचारलं तर रस्स्यावर ढकलता येतं.

शेवटी चिपून राहिलेली टेंभरं काढली. तुझी होती ती. मीसुकनं एक फोडलं, वास घेतला आणि डोळे मोठे केले. "हे आमचं गाम आहे, तिकडचं फळ. आमचं मोठं असते, लाल, टमाट्यावानी. हे त्याचं लेकरू." सगळी खाल्ली तिनं, बिया ओळीत मांडून. मला बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं. ती बाई फार गोड आहे, शकू. पण ती तू नव्हती. मी टेंभरं नागपूरला नेतात तशी बांधली होती, कोरियाला नेतात तशी नाही.

निघताना तिनं वाळवलेली एक मुळी कागदात बांधून दिली. तिची बहीण तिकडून पाठवते. "घरी कोंबडीत टाका," ती म्हणाली, आणि बोट वर केलं. "पन एकटीनं नाई खाचं."

गावी

घरी येऊन किती तरी दिवस झाले. मुळी तांदळाच्या डब्यात आहे. डबा उघडला की बोटाला लागते, हात-पायवाली. रोज भात टाकते, आणि खोटं कशाला बोलू, अजून उभ्यानंच खाते. मीसुकचा अधूनमधून फोन येतो. ती विचारते, "बसल्या काय?" मी म्हणते, "तू बसली काय?" दोघीही म्हणतो, उद्या.

काल संध्याकाळी मी तळ्याच्या पाळीवर गेले, आपण मासोळ्या विकायचो त्या पळसाखाली. पुडीतल्या उरलेल्या अक्षता तिथं ठेवल्या. तुझं नाव घेतलं आणि बुढा म्हणायचा तसंच म्हटलं. फोनवरचं आवतन तुला लागलं नसेल, हे लागेल. नाल्याला पूर आला की आपला रस्ता बंद होतो, तुला माहीतच आहे, तेव्हा त्याच्या आधीच ये. मुलाला सांग, ऊन आता उतरलं आहे. नातवालाही आण, त्याला तळं दाखवू. दोन पाट धुऊन भिंतीला लावून ठेवले आहेत. कोंबडीही एक बाजूला ठेवली आहे, तांदळाच्या कण्या खाऊन चांगली जड झाली आहे. दारात गाडी थांबली की मी बाहेर धावते आणि ती पडवीखाली पळते. तू येऊ नये असं वाटणारी या घरात तेवढी ती एकटीच आहे. लवकर ये वो शकू.